बिजागरीतली गळती

आमच्या बुलडाणा जिल्ह्यात आजार किती मोठा होता हे बाटल्यांवरून ठरतं. भेटायला आलेला माणूस काय झालं होतं ते नंतर विचारतो. आधी विचारतो, किती सलाईनी लागल्या? आजारीही जरा अभिमानानेच आकडा सांगतो. ज्या डॉक्टरने नुसत्या गोळ्या देऊन घरी पाठवलं, त्याच्या दवाखान्याची पायरी माणूस पुन्हा चढत नाही. टेकाळे मॅडम मात्र आजाऱ्याला भेटायला गेल्या की तिसराच प्रश्न विचारत, “बाटलीत काय होतं?” ते कोणालाच माहीत नसे. मग त्या घरच्यांना फैलावर घेत, आजाऱ्यासकट. त्यामुळे कॉलेजात कोणी आजारी पडलं की ही बातमी टेकाळे मॅडमपर्यंत जाऊ नये, एवढी काळजी घरचे आवर्जून घेत.

डॉ. शालिनी टेकाळे आमच्या फार्मसी कॉलेजात औषधशास्त्र शिकवत. मी औषधी वनस्पती शिकवायचो. भांडणाचा आवाज आला की मी दुसऱ्या गल्लीने जाणारा माणूस, आणि मॅडम पायात चपला सरकवून त्या आवाजाकडे निघणाऱ्या. आमची सोबत कशी जमली याचं अनेकांना कोडं होतं. मला नव्हतं. माझ्याकडे गाडी होती.

बाईंच्या तऱ्हा फार. मीटिंगमध्ये त्या कधी सलग बसल्या नाहीत. थोडा वेळ झाला की उठायच्या आणि हॉलच्या मागच्या बाजूला येरझारा घालत तिथूनच प्राचार्यांना विरोध करायच्या. प्राचार्यांना बिचाऱ्यांना मान फिरवून फिरवून उत्तरं द्यावी लागत. डब्यात ज्वारीची अर्धी भाकरी, ठेचा आणि पालेभाजी. भरल्या ताटाला त्या शिवत नसत. गोडाचं तर नावच नको. शिपायाचा मुलगा पास झाला, पेढे वाटले, तर पेढा घ्यायच्या आणि देणाऱ्याच्याच तोंडात घालायच्या. “तुमच्या तोंडात गेला की मले पोचला,” असं म्हणायच्या. कोणी म्हणे बाईंना शुगर आहे, कोणी म्हणे माज आहे. मी दुसऱ्या मताचा होतो.

त्यांचं संशोधन काय आहे, हे कॉलेजात फारसं कोणाला कळत नसे. मला कळलं, कारण एकदा मलकापूरहून येताना घाटात गाडी तापली आणि ती निवेपर्यंत त्यांच्यापासून सुटका नव्हती. आपल्या स्नायूंच्या पेशींना बारीक बारीक दारं असतात. सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम असे क्षार त्यातून आत-बाहेर करतात, तेव्हा कुठे हात हलतो, पाय उचलतो. या दारांना आयन चॅनल म्हणतात. आपण घेतो त्यातली कितीतरी औषधं या दारांवरच काम करतात. कुठलं उघडतात, कुठलं लावतात. काही घराण्यांत जन्मतःच एखादं दार बिघडलेलं असतं. “दार बंद हाये, कडी लागेल हाये,” मॅडम गाडीच्या बॉनेटवर बोटाने दाखवत म्हणाल्या, “पण गयती बिजागरीतून हाये. लोक कडी दुरुस्त करून राह्यले. म्या म्हणते, बिजागरी पाहा.” अशा माणसाच्या रक्तातलं पोटॅशियम उतरलं की त्याचं अंग दगडासारखं पडतं. माणूस शुद्धीवर असतो, सगळं ऐकतो, पण बोट हलवता येत नाही. मॅडम साखरखेर्ड्याच्या एका घराण्याचं असं दार घेऊन बसल्या होत्या. त्यातून होणारी गळती मोजायची आणि ती कुठल्या औषधाने थांबते ते पाहायचं. कारण जी गोळी एका घराला उभं करते तीच दुसऱ्या घराला आडवं पाडते. गळती कुठल्या बिजागरीत आहे त्यावर ते अवलंबून.

ही गळती मोजायला जे यंत्र लागतं, त्याला जराही हादरा चालत नाही. आणि आमचं कॉलेज रस्त्याला लागून. एसटी गेली की खिडक्यांची तावदानं वाजायची. परदेशात या कामाला हवेवर तरंगणारं टेबल मिळतं. त्याच्या किमतीत आमचं अख्खं कॉलेज उभं राहिलं असतं. मॅडमनी मलकापूरच्या पंक्चरवाल्याकडून स्कूटरच्या ट्यूबा आणल्या, त्यात बेताची हवा भरली, त्यावर कडाप्पा ठेवला आणि कडाप्प्यावर सूक्ष्मदर्शक. विजेच्या लहरींचा उपद्रव नको म्हणून भोवती कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी. पुण्याच्या त्यांच्या गाईडने मोडीत निघालेलं यंत्र दिलं होतं. पेशी पुण्याहून ट्रॅव्हल्सच्या बसने यायच्या, ड्रायव्हरच्या पायाशी, जपून.

विद्यापीठाची तपासणी समिती आली तेव्हा त्यातल्या एका गृहस्थांनी जाळीला टिचकी मारून विचारलं, हे खुराडं आहे की प्रयोगशाळा? प्राचार्य कसनुसे हसले. मॅडम म्हणाल्या, “खुराडंच हाये. आता आत काय हाये ते पाह्यता, की जाळीवरच अहवाल लिहिता?” मग त्यांनी त्या गृहस्थांना स्टुलावर बसवलं आणि पडद्यावरची सपाट रेघ दाखवली. औषधाचा थेंब पडला आणि रेघ किंचित खाली बसली, म्हणजे गळती कमी झाली. गृहस्थ पाहत राहिले, चहा गार झाला तरी उठेनात. अहवाल मात्र त्यांनी वाईटच लिहिला. आम्हाला वाटलं, बाई आता खचणार. बाईंनी दुसऱ्या दिवशी आणखी एक ट्यूब आणली.

पुण्यात एका परिषदेत त्या हेच बिजागरीचं मराठीतून, म्हणजे आपल्या वऱ्हाडीतून, सांगू लागल्या तेव्हा पुढच्या रांगेतून कोणीतरी हसून इंग्रजीत बोलायची विनंती केली. मॅडमनी सगळं पुन्हा इंग्रजीत सांगितलं, अगदी चोख. मग त्या हसणाऱ्यालाच विचारलं, आता समजलं का? तो हो म्हणाला. “मंग पह्यले भाषा अडली नव्हती, तुम्ही अडेल होते,” असं म्हणून त्या पुढच्या चित्राकडे वळल्या. हे मला त्यांनीच सांगितलं, त्यामुळे यात थोडं तिखटमीठ असेल. पण फार नसावं.

एका शनिवारी त्या माझ्या दाराशी आल्या आणि म्हणाल्या, धाड गावाला जायचंय, गाडी काढा. कशाला, तर त्यांच्या भाच्याचं लग्न धाडच्या मुलीशी ठरलं होतं आणि ते मोडलं तरी चालेल अशी एक गोष्ट मुलीला सांगायची होती. मी मनात म्हटलं, या बाई जन्मात एक दिवस तरी सुखाने बसतील का. पण गाडी काढली.

वाटेत त्यांनी मला त्यांच्या थोरल्या भावाची गोष्ट सांगितली. साखरखेर्ड्याचं ते घराणं म्हणजे त्यांचंच घर, हे मला तेव्हा समजलं. दत्तूदादा गावातला दांडगा गडी. एका लग्नात वरातीपुढे मनसोक्त नाचला आणि मग पंगतीत जिलेबीची पैज लागली. आमच्याकडे पंगतीत आग्रह करून माणसाला आडवं पाडणं हा यजमानाचा मान, आणि पैज जिंकणं हा पाहुण्याचा. दत्तूदादा पैज जिंकला. सकाळी उठवायला गेले तर त्याला मानही वळवता येईना. गाव म्हणालं, वरात म्हसोबावरून गेली, बाहेरचं लागलं. त्यातल्या त्यात शहाण्यांनी डॉक्टर आणला. डॉक्टरने अशक्तपणा म्हणून ग्लुकोजची सलाईन लावली. पोटात इतकं गोड गेल्यानेच रक्तातलं पोटॅशियम उतरलं होतं. आता तेच गोड शिरेतून जाऊ लागलं. एक बाटली झाली, दुसरी लावली. दुपारपर्यंत त्याचं काळीज थांबलं.

“बाटली टांगाले खुंटी नव्हती,” मॅडम समोरच्या रस्त्याकडे पाहत म्हणाल्या. “म्या धरून उभी होती. शाळेत होती म्या तवा. हात लय भरून आले, पण दादा बरा होऊन राह्यला म्हणून खाली केला नाही.”

मला गाडी बाजूला घ्यावी लागली. डोळे पुसायला म्हणून नव्हे, असं मी त्यांना सांगितलं. त्यांनी विश्वास ठेवला नाही.

आता दुसऱ्या भावाच्या, रमेशच्या मुलाला, विशालला तोच त्रास सुरू झाला होता. मधूनच सकाळी पाय उचलत नसत. घरच्यांनी सगळं दाबून ठेवलं. विशालच्या पाठच्या दोन बहिणी लग्नाच्या. घराण्यात खोड आहे असं फुटलं तर तिन्ही लग्नं अडणार. आणि मॅडमचं म्हणणं एकच. नवऱ्या मुलाला सगळं गाव गोड भरवणार, रात्र रात्र नाचवणार, आणि तो पडला की जवळच्या माणसाला काय करायचं हे ठाऊक नसणार. मुलीला माहीत नसेल तर विशाल दत्तूदादाच्या वाटेने जाईल.

धाडचा बाजार भरलेला होता. मुलीच्या वडिलांचं, सुरडकरांचं, बी-बियाणांचं दुकान. मुलगी, प्रणिता, बीएस्सी झालेली, काउंटरवर बसली होती. चहा येण्याआधीच मॅडमनी सांगून टाकलं की मुलाला आजार आहे आणि तो तुमच्यापासून लपवला जातोय. सुरडकर लालबुंद झाले. लग्न ठरल्यावर सांगता का, म्हणाले. मॅडम म्हणाल्या, “ठरून राह्यलं हे मलेही ठरल्यावरच समजलं.”

मुलीने वडिलांना हाताने थांबवलं. तिने मॅडमना विचारलं, याने माणूस मरतो का?

“आजारानं सहसा नाही मरत. इलाजानं मरते.”

लेकरांना होतो का, तिने विचारलं. मॅडम म्हणाल्या, अर्ध्याअर्धी. होईल किंवा होणार नाही. तुम्हाला एवढं कसं माहीत, असं मुलीने विचारलं.

“मलेही हाये,” त्या म्हणाल्या.

इतकी वर्षं मी या बाईंच्या येरझारांना माज समजत होतो. सलग बसलं की पाय जड व्हायचे म्हणून त्या चालत होत्या. पेढा नाकारत होत्या तो याचसाठी.

मग मुलीने विचारलं, “त्याले माहीत हाये हे?” मॅडमनी होकाराची मान हलवली. “मंग हे त्यानं सांगाले पाह्यजे होतं. तुम्ही काऊन आल्या? त्याले म्हणा, इथी ये आन् मले सांग. सांगन तर पुढचं पाहू.”

टेकाळे मॅडम वाद न घालता उठल्या आणि गाडीत जाऊन बसल्या. परतताना मात्र त्या खुशीत होत्या. पोरगी भारी आहे, पोरगी भारी आहे, असं बुलडाण्यापर्यंत चाललं होतं.

विशाल धाडला गेला. कसा गेला, काय बोलला, ते त्या दोघांनाच ठाऊक. पण लग्न मोडलं नाही. उलट प्रणिता बुलडाण्याला येऊ लागली. मॅडमनी तिला विशालच्या डॉक्टरांकडे नेलं, कारण संशोधन आपलं असलं तरी औषध डॉक्टरनेच द्यायचं यावर त्या कडक होत्या. पोटॅशियमचं औषध कधी आणि किती द्यायचं, नाडी कशी पाहायची, कुठली सलाईन चालत नाही, कोणाला फोन करायचा, हे ती शिकली. मॅडम तिची उलटतपासणी घेत. मुलगी कधी कधी त्यांनाच उलट विचारी.

रमेशभाऊंना हे कळलं तेव्हा त्यांचा फोन आला. मॅडमचे हात कामात होते म्हणून फोन टेबलावर ठेवून मोठ्याने लावलेला. मी तिथेच होतो. घराण्याची अब्रू वेशीवर टांगलीस, तू आम्हाला मेलीस, लग्नाला पाऊल टाकू नकोस, असं ते बोलले. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. “बरं,” त्या म्हणाल्या, “पण जिलेबी ठेवू नको.” फोन कट झाला. त्या दिवशी त्यांनी पुढे काम केलं नाही. खिडकीशी उभ्या राहिल्या. भावाने तोडलं याचं त्यांना फार लागलं होतं, आणि ते लपवायचा प्रयत्नही त्यांनी केला नाही.

पुढच्याच आठवड्यात सुरडकर पत्रिका आणि अक्षत घेऊन मॅडमच्या घरी आले. सख्ख्या भाच्याच्या लग्नाचं आमंत्रण आत्याला मुलीकडून आलं. मॅडमनी ते दोन्ही हातांनी घेतलं.

लग्न धाडलाच होतं. वरपक्ष आदल्या दिवशीच आला होता. त्यांचा जानोसा, म्हणजे उतरायची जागा, शाळेच्या खोल्यांत. आम्ही सकाळी पोचलो तेव्हा शाळेच्या फाटकाशी गर्दी होती. रात्री हळदीला डीजे लागला होता, मित्रांनी नवरदेवाला खांद्यावरून उतरूच दिलं नव्हतं, आणि नंतर मामेमंडळींनी आग्रहाने श्रीखंड भरवलं होतं. जिलेबी नव्हती, एवढं रमेशभाऊंनी पाळलं होतं. आता नवरदेव गादीवर पडून होता, डोळे उघडे, अंग निपचित.

मॅडम पळतच पायऱ्या चढल्या. दारात रमेशभाऊ आडवे उभे. आत गावातल्या तरुण डॉक्टरने सलाईनचा स्टँड लावला होता आणि मामेमंडळी त्याला सांगत होती, एक बाटली लावा, उभा होईल. “भाऊ, बाजूले हो,” मॅडम म्हणाल्या. भाऊ हलले नाहीत. “दादालेही हेच लावलं होतं. बाटली माझ्या हातात होती, भाऊ.” तरी रमेशभाऊ दार सोडेनात.

तेवढ्यात मागून बायकांचा एकदम गलका झाला. बातमी ऐकून प्रणिता येत होती. अंगावर हळदीची साडी, एका बाजूची मुंडावळी सुटून खांद्यावर आलेली. अक्षता पडायच्या आधी नवरीने जानोशात पाय ठेवायचा नाही, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. कोणीतरी तिला तसं ओरडून सांगितलंही. ती थांबली नाही. होणारे सासरे दारात उभे होते. त्यांच्यासमोर आली, पदर सावरला आणि उभी राहिली. रमेशभाऊ बाजूला झाले.

तिने आत जाऊन बाटलीवरची अक्षरं वाचली. “हे ग्लुकोज हाये, डॉक्टर. हे नाही लावायचं,” म्हणाली आणि बुलडाण्याच्या डॉक्टरांना लावलेला फोन त्याच्या हातात दिला. डॉक्टर पोरगा भला होता. त्याने ऐकून घेतलं, स्टँड काढला आणि स्वतःच्या दवाखान्यातून हृदयाचा आलेख काढायचं यंत्र मागवलं. प्रणिता विशालच्या उशाशी बसली आणि सोबत आणलेलं औषध चमच्याने देऊ लागली. मॅडम तिच्या डोक्यावर वाकून सांगत होत्या, हळू, मान जरा उचल, नाडी पाहा, घाई करू नको.

“आत्या,” प्रणिता वर न पाहता म्हणाली, “तुम्ही बाहेर थांबा. मले जमते.”

प्राचार्यांना, विद्यापीठाला, पुण्याला, गावाला आणि सख्ख्या भावाला न जुमानणारी बाई मुकाट्याने बाहेर आली आणि शाळेच्या पायरीवर बसली. मी शेजारी बसलो. त्या रडत होत्या, चांगल्या मोकळेपणी. “जोशी सर,” म्हणाल्या, “मले लय भेव वाटे, की म्या गेल्यावर हे कोण पाह्यन.”

दुपार झाली तेव्हा विशालची बोटं हलली. मग हात. मुहूर्त केव्हाच टळला होता. बुलडाण्याच्या डॉक्टरांनी फोनवरून होकार दिला तेव्हा उन्हं उतरली होती आणि नवरदेव खुर्चीवर बसून मांडवात आला. चार माणसांत कुजबुज चालली होती. मंगलाष्टकांआधी विशालने माईक मागून घेतला. मला हा आजार आहे, आमच्या घरातच आहे, हिला माहीत होतं म्हणून मी इथे बसलो आहे, एवढंच म्हणाला आणि माईक परत दिला. रमेशभाऊंनी मान खाली घातली होती. मग त्यांनी ती वर केली आणि बायकांच्या गर्दीतून वाट काढत मुलीकडच्या बाजूला आले, जिथे मॅडम उभ्या होत्या.

पुढच्याच महिन्यात मी निवृत्त होऊन लेकीकडे नाशिकला आलो. फोनवर मॅडम माझ्याशी आजही भांडतात, पण डोळ्यांपुढे येतात त्या अजून त्या मांडवात उभ्या असलेल्याच.

“शालू, चाल,” रमेशभाऊ म्हणाले. “पोराच्या मागं आत्या उभी पाह्यजे.”

“नाही,” मॅडम म्हणाल्या. “मले ज्यायनं बोलावलं त्यायच्याकडून म्या उभी राहीन.”

अंतरपाट धरला गेला. भटजींनी सूर लावला. मला वाटलं, भाऊ आता परत फिरतील. ते फिरले नाहीत. तिथेच, मुलीकडच्या बायकांत, बहिणीच्या शेजारी नवऱ्याचा बाप उभा राहिला. त्यांचे हात रिकामे होते. मॅडमनी आपल्या मुठीतल्या अर्ध्या अक्षता त्यांच्या तळव्यावर ठेवल्या.

“पोरीवर टाक,” म्हणाल्या. “त्याले तिनं वाचवलं.”